ब्रूमला जायचं तर आधी तिथी बघा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुलगा किंवा मुलगी पर्थला असलेल्या सोलापूरच्या वाचकांकडून या वेळी एकाच गावाबद्दल प्रश्न आले आहेत. ते गाव म्हणजे ब्रूम. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वरच्या भागात, एका अंगाला लाल मातीचं उजाड माळरान आणि दुसऱ्या अंगाला हिंदी महासागर, अशा जागी हे मोत्यांचं जुनं गाव आहे. १८८३ साली ते वसवलं आणि तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक ब्रूम यांचं नाव त्याला दिलं. त्याआधी हजारो वर्षं ही भूमी यावुरू लोकांची होती आणि आजही आहे. उत्तरं लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल ती म्हणजे भरती-ओहोटी. ब्रूममधलं जे बघण्यासारखं आहे, त्यातलं निम्मं समुद्र मागे हटल्यावरच दिसतं.

कोणत्या महिन्यात जावं आणि किती दिवस ठेवावेत? उन्हाची आम्हाला सवय आहे.
— जुळे सोलापूर

मे ते ऑक्टोबर. हा तिथला कोरडा हंगाम. जून-जुलैत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १५ च्या आसपास, म्हणजे सोलापूरच्या डिसेंबर-जानेवारीसारखी हवा. आकाश स्वच्छ, पाऊस जवळजवळ नाही.

उन्हाच्या सवयीवर भिस्त ठेवून डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. सोलापूरचं ऊन कोरडं असतं. माठातलं पाणी गार होतं, घाम वाळतो. ब्रूमच्या पावसाळ्यात तापमान ३३-३४ च असतं, पण हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. शिवाय १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, रस्ते पाण्याखाली जातात आणि समुद्रात विषारी जेलीफिश असतात.

चार ते पाच रात्री ठेवा. दोन रात्रींत गाव बघून होतं, पण समुद्राची वेळ तुमच्या वेळेशी जुळेलच असं नाही. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि खोल्यांचे भाव चढतात. त्या काळात जायचं तर पाच-सहा महिने आधी खोली धरावी लागते. मेचा शेवट किंवा ऑगस्टचा शेवट आम्हाला जास्त सोयीचा वाटतो.

'स्टेअरकेस टू द मून' नावाचं दृश्य तिथे दिसतं असं ऐकलं. ते पौर्णिमेलाच दिसतं का? आमच्या घरी दाते पंचांग असतं, त्यावरून तारीख काढता येईल का?
— सिद्धेश्वर पेठ

तारीख काढता येते, वेळ मात्र येत नाही. नीट सांगतो.

ब्रूम एका निमुळत्या भूशिरावर आहे. पश्चिमेला केबल बीच, तिथे सूर्य मावळतो. पूर्वेला रोबक बे नावाची उथळ खाडी, तिच्यावर चंद्र उगवतो. मोठ्या ओहोटीला या खाडीतलं पाणी फार दूर हटतं आणि चिखलाचं सपाट मैदान उघडं पडतं. चिखलावर लाटांच्या वळ्या असतात, खोलगट जागी पाणी साचलेलं असतं. चंद्र क्षितिजावर आला की साचलेल्या पाण्याचे पट्टे चमकतात, मधले उंचवटे काळे राहतात, आणि क्षितिजापासून पायांपर्यंत सोनेरी पायऱ्या उतरल्यासारख्या दिसतात. चंद्र चढत गेला की पायऱ्या एकमेकींत मिसळतात. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा.

यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: अंधारात होणारा चंद्रोदय आणि उधाणाची ओहोटी. ब्रूमला पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आगेमागे भरती आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे ओहोटी येते, म्हणून हा मेळ जमतो. मार्च ते ऑक्टोबर, दर महिन्याला दोन ते तीन रात्री.

आता पंचांग. पौर्णिमा तिथी जिथे संपते, तो क्षण म्हणजे चंद्र-सूर्य बरोबर समोरासमोर येण्याचा क्षण. पंचांगातल्या 'पौर्णिमा समाप्ती'च्या वेळेत अडीच तास मिळवा, म्हणजे ब्रूमची वेळ आली. समजा आपल्याकडे समाप्ती रात्री ११ ला आहे. ब्रूमच्या घड्याळात तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि तारीख बदललेली असते. इथेच बहुतेक जण एका दिवसाने चुकतात.

समाप्तीच्या आधीच्या संध्याकाळी चंद्र सूर्य असतानाच वर येतो, आकाश उजळ असतं, पायऱ्या फिक्या दिसतात. समाप्तीनंतरच्या पहिल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी चंद्र अंधार पडल्यावर येतो, आणि त्याच दिवसांत ओहोटीही सर्वांत खोल असते, कारण समुद्राचं मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. त्यामुळे 'पौर्णिमेच्या रात्री' असं न धरता पौर्णिमा ते द्वितीया असे तीन दिवस ब्रूममध्ये राहायचं ठरवा.

चंद्रोदयाची नेमकी वेळ मात्र पंचांगातून घेऊ नका. ती आपल्या गावाची असते. संकष्टीला मुंबईची आणि सोलापूरची वेळ वेगळी असते तसंच. ब्रूमचा चंद्रोदय आणि ओहोटीची उंची ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या तक्त्यावर मिळते.

टाउन बीचवर तासभर आधी पोहोचा, त्या रात्री तिथे बाजार भरतो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मोबाइलने फोटो काढायचा तर तिकाटणं हवंच. पडद्यावर चंद्रावर नाही, चिखलातल्या पट्ट्यावर बोट ठेवून प्रकाश स्थिर करा आणि मग तो थोडा खाली ओढा. नाहीतर पट्टे पांढरे फक्क येतात. आणि अंगभर कपडे घाला. खाडीकाठच्या तिवरांत बारीक चिलटं असतात आणि तीही उधाणाच्या दिवसांतच जास्त निघतात. चावलेलं चार-पाच दिवस खाजतं. उघड्या कातडीला डास पळवणारं मलम आधीच लावून निघा.

डायनासोरच्या पाऊलखुणा आणि दुसऱ्या महायुद्धातली बुडालेली विमानं चालत जाऊन बघता येतात, हे खरं का? मुलं बरोबर आहेत.
— इतिहासाचे शिक्षक, होटगी रोड

दोन्ही खरं, पण दोन्हींतली जोखीम सारखी नाही.

आधी समुद्राचा अंदाज घ्या. मुंबईत पावसाळ्यात समुद्राला उधाण येणार म्हणून बातमी येते, तेव्हा भरतीची उंची पाच मीटरच्या घरात असते. ब्रूमला मोठ्या उधाणात ओहोटी आणि भरती यांतला फरक साडेनऊ ते दहा मीटर असतो, म्हणजे तीन मजली इमारत. एवढं पाणी साधारण सव्वासहा तासांत येतं. ते सुरुवातीला सावकाश चढतं, आणि मधल्या दोन तासांत तासाला दोन मीटरहून जास्त वेगाने. चिखल सपाट असल्यामुळे ते समोरून लाट होऊन येत नाही. बाजूच्या ओहोळांतून भरतं आणि माणसाच्या पाठीमागे जमा होतं. लोक अडकतात ते यामुळे.

पाऊलखुणा गँथॉम पॉइंटवर आहेत, गावापासून सहा-सात किलोमीटर. तीन बोटांच्या, मांसाहारी डायनासोरच्या, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या कड्याखालच्या खडकात आहेत. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली पाण्याची पातळी दोन मीटरच्या खाली गेली की तिथवर उतरायचा विचार करता येतो, पण दीड मीटरच्या खालचा दिवस धरलेला बरा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की परत फिरा. शेवाळलेला खडक गुळगुळीत असतो, चप्पल नको, तळ खरबरीत असलेले बूट हवेत. जमलं नाही तर वर कड्यावर याच ठशांचे सिमेंटचे साचे ठेवले आहेत. लहान मुलांना तेच दाखवा.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटेची ओहोटी सहाच्या सुमारास असते, आणि जूनमध्ये सूर्य सव्वासहाला उगवतो. ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून द्वितीया-तृतीयेला ती सकाळी सात-आठला येते. ठसे बघायला तीच वेळ उत्तम, कारण तिरप्या उन्हात खोलगट ठशाची कड उठून दिसते. अमावास्येनंतरही हाच क्रम चालतो. चंद्राच्या पायऱ्या नको असतील तर तेव्हाही जाता येईल.

विमानांची गोष्ट वेगळी. ३ मार्च १९४२ च्या सकाळी जपानी 'झिरो' लढाऊ विमानांनी ब्रूमवर हल्ला केला. जावा बेटावरून निसटलेली डच कुटुंबं बायका-मुलांसह पाण्यावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांत बसून रोबक बेमध्ये थांबली होती. पंधरा विमानं तिथेच जळाली. किमान ८८ माणसं गेली, आणि त्यांतली बरीच याच निर्वासितांपैकी होती. त्यांतल्या काही विमानांचे सांगाडे वर्षातल्या सर्वांत खोल ओहोटीला उघडे पडतात. त्यासाठी पातळी एक मीटरच्याही बरीच खाली जावी लागते, आणि टाउन बीचपासून चिखलातून किलोमीटरभर आत चालावं लागतं.

मुलांना घेऊन स्वतःहून जाऊ नका. पाय घोट्यापर्यंत, कुठे कुठे गुडघ्यापर्यंत रुततो. जाताना लागलेल्या वेळेपेक्षा येताना जास्त वेळ लागतो, कारण माणूस दमलेला असतो आणि पाणी वळलेलं असतं. वाटाड्याबरोबर किंवा हॉवरक्राफ्टने जाणाऱ्या सहली असतात, त्या घ्या. सांगाड्यांना कायद्याचं संरक्षण आहे. गंजलेला एक खिळाही उचलायचा नाही. आणि ती कबरस्थानासारखी जागा आहे, हे मुलांना आधी सांगा.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना नेण्यासारखं आहे का?
— विजापूर रोड

जरूर न्या. गाव सपाट आहे, अंतरं लहान आहेत. चंद्राच्या पायऱ्या टाउन बीचच्या हिरवळीवर खुर्ची टाकून दिसतात. गँथॉम पॉइंटला कड्यावरून लाल खडक आणि हिरवं-निळं पाणी बघायचं, खाली उतरायचं नाही. केबल बीचवरची उंटाची सफर गुडघेदुखीवाल्याला नको; उंट बसताना-उठताना पुढे-मागे जो हिसका बसतो तो कंबरेलाही त्रास देतो.

औषधं मूळ वेष्टनात न्या आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर ठेवा, तीन महिन्यांपर्यंतचा साठा चालतो. प्रवास विमा घेताना रक्तदाब, मधुमेह जे असेल ते लिहा. लपवलं तर विमा असून नसल्यासारखा. एक सोलापुरी चादर बॅगेत टाका. जुलैच्या रात्री उघड्यावर बसलं की वारा लागतो, आणि सुती चादर वाळूवर अंथरायलाही उपयोगी पडते.

शेंगाचटणी, कडक भाकरी, लोणचं, सिद्धेश्वराचा प्रसाद बरोबर नेता येतो का? आम्ही शाकाहारी आहोत.
— बाळे

विमानात मिळणाऱ्या प्रवेश-पत्रावर 'खाद्यपदार्थ आहेत का' या प्रश्नापुढे 'होय' अशी खूण करा, डबा कितीही लहान असो. सांगून नेलेली वस्तू चालली नाही तर फक्त काढून घेतात. न सांगता सापडली तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

भाजलेल्या दाण्यांची चटणी आणि कडक भाकरी या कोरड्या, शिजलेल्या वस्तू. छापील वेष्टनातल्या, घटक लिहिलेल्या घ्या. अधिकाऱ्याला ते काय आहे हे पटकन कळतं. घरच्या डब्यातली चटणी सुटेल की नाही हे त्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहतं. खवा, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ नेऊच नका. आपल्याकडच्या जनावरांत लाळ्या-खुरकत असल्यामुळे तिथे ते चालत नाहीत. ताजा कढीपत्ता, लिंबू, डाळिंब, बोरं, प्रसादाचा नारळ, बेल, फुलं यांतलं काहीही नाही. मोहरी, मेथी, तीळ असं उगवू शकणारं अख्खं बी घरीच ठेवा, तिथे दुकानात मिळतं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सिडनी किंवा मेलबर्नहून पर्थला किंवा ब्रूमला गेलात तर पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याची स्वतःची वेगळी तपासणी असते. मेलबर्नला विकत घेतलेलं सफरचंद आणि मधाची बाटलीही आत नेता येत नाही. शेतावर घातलेले बूट असतील तर तळव्यातली माती ब्रशने काढून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत ठेवा.

जेवणाचं सोपं आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. ब्रूममध्ये दोन मोठी सुपरमार्केट आहेत. तांदूळ, मसूर, पीठ, दही, भाजी मिळते. ज्वारीचं पीठ मिळेल याची खात्री धरू नका. विजेच्या प्लगचे पाय तिरके असतात, आपला प्लग बसत नाही, अडॅप्टर न्या. तिथेही २३० व्होल्ट आहे, त्यामुळे आपली छोटी किटली वगैरे चालते.

पर्थहून विमानाने जावं की गाडीने? मुलगा गाडीचा आग्रह धरतोय.
— अक्कलकोट रोड

विमानाने अडीच तास, गाडीने सुमारे २,२४० किलोमीटर. सोलापूरहून दिल्ली गाठून पुढे पुन्हा जम्मूच्या वाटेला लागावं एवढं अंतर, आणि मध्ये मोजकी गावं. पंधरा दिवस हातात असतील तर गाडी. आठवडाच असेल तर विमान, यात आमचं दुमत नाही.

विमानाने जाताना पर्थची एक अडचण आहे. आंतरराष्ट्रीय टर्मिनल आणि काही देशांतर्गत टर्मिनल धावपट्टीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून लांब आहेत. मधे फुकट बस धावते. बॅग घेणं, खाद्यपदार्थांची तपासणी, बस आणि पुन्हा बॅग देणं, यात दोन-अडीच तास सहज जातात. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये निदान चार तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही.

गाडी चालवायचीच असेल तर: वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. आपला परवाना इंग्रजीत असतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना सोलापूरच्या आरटीओतून काढून घ्या. गाडी भाड्याने देणारे पुष्कळदा मागतात आणि तो एक वर्ष चालतो. भाड्याचा करार सही करण्याआधी तीन ओळी शोधा: रोज किती किलोमीटर मोफत, गावाबाहेर रात्री चालवायला परवानगी आहे का, आणि कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का. उत्तरेकडे या तिन्हींवर बहुधा बंधन असतं. केबल बीचच्या वाळूवर स्थानिक लोक गाड्या नेतात ते बघून भाड्याची गाडी नेऊ नका. गाडी रुतली आणि भरती आली तर पूर्ण गाडीचे पैसे भरावे लागतात.

सँडफायर नावाच्या थांब्यानंतर ब्रूमच्या अलीकडच्या रोबक थांब्यापर्यंत, साधारण २८५ किलोमीटर, हमरस्त्यावर पंप नाही. सोलापूर-पुण्यापेक्षा लांब, आणि मध्ये टेंभुर्णी नाही की भिगवण नाही. टाकी अर्धी दिसली की भरायची, असा नियम ठेवा. माणशी रोज पाच लिटर पाणी गाडीत हवं. मोबाइलला टाउनशिपबाहेर रेंज नसते. जी असते ती बहुतेक टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीची.

समोरून येणारे मालट्रक तीन-चार डबे जोडलेले, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. पुढे चाललेला असा ट्रक मागे टाकताना समोर किमान एक-दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. ट्रक जवळून गेला की हवेचा धक्का बसतो, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत चालवू नका. रस्ता दिवसभर तापलेला असतो आणि गुरं, कांगारू उबेला तिथेच येतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

समुद्रात पोहता येतं का?
— सात रस्ता

मे ते ऑक्टोबर, केबल बीचवर, जिथे जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेत त्या दोन झेंड्यांच्या मध्ये. नोव्हेंबर ते एप्रिल बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी नावाची नखाएवढी जेलीफिश असते. दंश झाला तर त्यावर भरपूर व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही, आणि ००० ला फोन. खाडीत, तिवरांत, ओढ्याच्या तोंडाशी बारा महिने पाण्यात उतरू नका, मगरी असतात.

मोत्यांच्या गावाचा जुना भाग कसा बघावा? काय चुकवू नये?
— पूर्व भाग

जपानी दफनभूमीपासून सुरुवात करा, सकाळी लवकर. तिथे ७०७ कबरींत ९१९ जपानी माणसं विसावली आहेत, बहुतेक शिंपल्यांसाठी बुडी मारणारी. रांगेत उभे दगड, त्यांवर जपानी अक्षरं आणि खाली तीच लाल माती. पितळी शिरस्त्राण आणि जड बूट घालून हे लोक खोल पाण्यात तासन्‌तास शिंपले गोळा करायचे. वर येताना घाई झाली की दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत आणि मणक्यात अडकायचा; लुळेपणा यायचा किंवा जीव जायचा. बाकीचे वादळांत गेले. १८८७, १९०८ आणि १९३५ ही सालं त्यासाठी लक्षात ठेवा.

त्याहीआधी, बुडी मारायचे असे पोशाख नव्हते तेव्हा, आदिवासी स्त्री-पुरुषांना पकडून आणून, जबरदस्तीने, नुसत्या श्वासावर बुडी मारायला लावत. गरोदर बायकांनाही सोडलं नाही. रोबक बेच्या काठावर पाण्यातून वर येणाऱ्या गरोदर स्त्रीचा पुतळा आहे. त्याच्यापाशी थांबल्याशिवाय मोत्यांच्या दुकानात जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

चायनाटाउनमध्ये स्ट्रीटर्स जेटी बघा, भरतीला आणि ओहोटीला अशी दोनदा. भरतीला होड्या लागतील असा धक्का, ओहोटीला खाली नुसता चिखल आणि तिवरं. जवळच सन पिक्चर्स हे डिसेंबर १९१६ मध्ये सुरू झालेलं उघड्यावरचं चित्रपटगृह आजही चालू आहे. कापडी खुर्च्या, वर चांदणं, आणि विमानतळ शेजारीच असल्यामुळे मधूनच डोक्यावरून उतरणारं विमान. १९७४ साली बांध घालण्याआधी मोठ्या उधाणाला प्रेक्षकांच्या पायांखाली समुद्राचं पाणी यायचं. पूर्वी इथे वंशाप्रमाणे बसायच्या जागाही वेगळ्या होत्या. चित्रपट कोणताही असो, एक रात्र जाच.

दिवस उरला तर उत्तरेला सुमारे १२५ किलोमीटरवर बीगल बेचं चर्च, १९१८ सालचं. वेदी पूर्ण शिंपल्यांनी मढवलेली. ती आदिवासी वस्ती आहे. प्रवेशाची देणगी द्या, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि कोणाचं निधन झाल्यामुळे वस्ती बंद असेल तर मुकाट्याने परत फिरा.

पांढरे कपडे नेऊ नका. तिथल्या लाल मातीला पिंडान म्हणतात. ती बारीक असते, धाग्यात शिरते आणि धुऊन जात नाही.

आम्ही मोती हैदराबादला चारमिनारजवळून घेतो. ब्रूमला घ्यावेत का, आणि फसगत कशी टाळावी?
— रेल्वे लाइन्स

हैदराबादला मिळणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचे, एका शिंपल्यात पुष्कळ वाढवलेले. ब्रूमचे पिंक्टाडा मॅक्सिमा या मोठ्या समुद्री शिंपल्याचे. एका वेळी एकच मोती, साधारण दोन वर्षं वाढवलेला, बहुधा ९ ते १६ मिलिमीटरचा. म्हणून किमतीत मोठं अंतर. 'कल्चर्ड' म्हणजे नकली नाही. आज विकले जाणारे जवळपास सगळेच तसे असतात.

बघायचं ते या क्रमाने: आधी चकाकी, मग पृष्ठभाग, मग आकार, शेवटी मोठेपणा. दुकानाच्या दिव्याखाली सगळेच चमकतात, म्हणून दाराशी उजेडात न्या. मोत्यात दाराची चौकट रेखीव दिसली तर चकाकी चांगली, धुरकट दिसली तर कमी. लहान पण लखलखीत मोती मोठ्या मंद मोत्यापेक्षा केव्हाही बरा. किंचित वेडावाकडा मोती बराच स्वस्त पडतो आणि एकेरी लोलकात छान दिसतो.

एकाच दुकानदाराकडे ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी असेल आणि ६० दिवसांच्या आत देश सोडणार असाल, तर विमानतळावर १० टक्के जीएसटी परत मिळतो. तो किमतीच्या अकराव्या हिश्शाएवढा येतो, ५५० डॉलरवर ५० डॉलर, कारण किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. मूळ कर-पावती आणि वस्तू दोन्ही दाखवावी लागतात, म्हणून मोती हातातल्या पिशवीत ठेवा. पावती हजार डॉलरची किंवा वर असेल तर तिच्यावर तुमचं पासपोर्टातलं नाव हवं. इकडे उतरल्यावर आपल्या कस्टमची मर्यादा ओलांडत असेल तर तीच पावती दाखवून शुल्क भरा.

आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. ब्रूमच्या शिंपल्यापासून पूर्वी बटणं होत, हे खरं का? जुन्या मालात अशी बटणं सापडली तर ओळखावीत कशी?
— अशोक चौक

खरं आहे, आणि ब्रूम उभं राहिलं ते मोत्यांपेक्षा बटणांवर. मोती हा नशिबाचा भाग. रोजची कमाई शिंपल्याच्या चमकदार आतल्या थराची, ज्याची बटणं लंडन-न्यूयॉर्कच्या शर्टांना लागायची. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रूममध्ये चारशेच्या आसपास गलबतं या धंद्यात होती. १९५० च्या दशकात प्लॅस्टिकची बटणं आली आणि धंदा बसला. त्यानंतर १९५६ पासून तिकडे मोत्यांची शेती सुरू झाली. तुमच्या कारखान्यात पोत्याने येणारं प्लॅस्टिकचं बटण त्या गावाच्या इतिहासात असं आहे.

ओळखायचं असं. बटण ओठांना लावा: शिंपल्याचं गार लागतं आणि गार राहतं, प्लॅस्टिक लगेच कोमट होतं. दातावर हलकेच आपटलं तर शिंपला दगडासारखा टक्‌ वाजतो. मागची बाजू उलटून बघा. पुष्कळदा तिथे शिंपल्याच्या सालीचा तपकिरी-पिवळसर डाग किंवा थरांच्या रेषा राहिलेल्या असतात, आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. तापवलेल्या सुईची परीक्षा करू नका, प्लॅस्टिक असेल तर वितळेल, पण काही जुनी बटणं पेट घेणाऱ्या सेल्युलॉइडची असतात.

सापडली तर शर्टावरून उसवून ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर, लिंबू किंवा आम्लाचं डाग काढण्याचं औषध लागलं की चकाकी जाते, आणि कारखान्यातल्या इस्त्रीच्या वाफेने थर सुटून कड उडते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवायची. पुन्हा टाचताना बारीक सुती दोरा घ्या आणि बटणाखाली दोन-तीन वेढ्यांची मान ठेवा. दोरा ताणून घट्ट टाचला तर जुन्या बटणाचं भोक कडेकडे चिरतं.